पोछ्याचं पुण्य

"उघडू का?" ताटलीबाबांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि सातशे माणसांनी तिसऱ्यांदा "उघडा!" अशी आरोळी ठोकली. आम्ही जमलो होतो ते चित्रपटगृह बंद पडून चार वर्षं झाली होती. चालू होतं तेव्हा तिथे एवढी गर्दी झाल्याचं मला तरी आठवत नाही. खुर्च्या भरल्या होत्या, पायऱ्या भरल्या होत्या, आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून लोक असे वाकले होते की खाली बसलेल्यांनी आपापली डोकी सांभाळावीत.

बाबांच्या हातात तळहाताएवढी, काचेची, झाकणाची ताटली होती. त्यांनी झाकण उचललं. आत दुधासारखी पांढरी जेली, तिच्यावर अंगठ्याचा पुसटसा ठसा, बाकी काही नाही.

"निष्कलंक!" बाबा गरजले.

टाळ्या, शिट्ट्या, हुंदके. व्यासपीठावर शिलाई मशीनपुढे बसून बसून खांदे वाकलेली एक साठीची बाई ढसाढसा रडत होती. ती माझी मावशी.

बाबांची पद्धत अशी. पहिल्या दिवशी तुम्ही मधाच्या रंगाच्या जेलीवर अंगठा टेकवायचा. पाप ही खाजगी बाब असल्यामुळे हा कार्यक्रम जुन्या तिकीटखिडकीच्या खोलीत, पडद्याआड. मग झाकणावर आपलं नाव लिहायचं आणि ताटली बाबांच्या शिष्याकडे द्यायची. शिष्य ती पत्र्याखालच्या उबदार प्रोजेक्टरच्या खोलीत ठेवणार. दोन दिवसांनी झाकण उघडलं की जेलीवर पिवळे, पांढरे, क्वचित गुलाबी ठिपके उगवलेले.

"हे काय आहे?" बाबा ताटली नाचवत विचारायचे. "हे तुमचं पाप! आणि पाप म्हणजे? प्लेगचं बीज! प्लेग तीनदा आला. दीड हजार वर्षांपूर्वी आला, पावणेसातशे वर्षांपूर्वी आला, सव्वाशे वर्षांपूर्वी आला. आता चौथ्यांदा येतोय. मी तिन्ही वेळा हजर होतो!"

तिन्ही वेळा हजर राहून यांना एकदाही तो थांबवता कसा आला नाही, हे कोणी विचारलं नाही. मग पापी माणसानं अमृतजलानं हात धुवायचे आणि दुसऱ्या, पांढऱ्या जेलीवर अंगठा टेकवायचा. पुन्हा दोन-तीन दिवस थांबायचं. पांढरी ताटली आजवर प्रत्येकाची कोरी निघाली होती.

"बाई," बाबा मावशीला म्हणाले, "तुम्हाला क्षय आहे ना?"

"होता म्हणायचं का आता?" मावशी आशेनं म्हणाली.

"होता! जंतू असता तर इथे उगवला नसता? गोळ्या घेता त्यानं लघवी लाल होते की नाही?"

मावशी सातशे लोकांपुढे लाजली. "होते."

"रक्त आहे ते तुमचं! त्या गोळ्या तुम्हाला आतून पिळतायत. रविवारी औषधत्याग. इथे पाण्याचं पिंप ठेवणार. ज्यांची ताटली कोरी, त्यांनी आपली सगळी औषधं पिंपात बुडवायची!"

मावशीचा सहा महिन्यांचा औषधोपचार चालू होता आणि आता कुठे चौथा महिना लागला होता. आई गेल्यावर मला वाढवलं ते या बाईनं. माझे शाळेचे सगळे सदरे तिच्या मशीनवरचे.

आता माझ्याबद्दल. मी जंतूंचा आचारी आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बावीस वर्षं मी जंतूंना जेवण रांधतो. मांसाचा अर्क, मीठ, आणि हे सगळं गोठवायला समुद्री शेवाळापासून निघणारी जेली. गरम असताना काचेच्या ताटल्यांत ओतायचं, निवलं की झाकायचं. कोणाला रक्त घातलेली लागते, कोणाला साधी चालते. लेकी माहेरी आल्यावर त्यांचे नखरे जसे पुरवावेत, तसे मी जंतूंचे पुरवतो. त्यामुळे बाबांची मधाळ ताटली पाहताच मी ओळखली. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना हात धुण्याचं महत्त्व पटवायला आम्ही हाच खेळ करतो. पांढरी ताटली मात्र मी जन्मात रांधली नव्हती.

"मावशे," घरी आल्यावर मी म्हणालो, "अगं, ते ठिपके म्हणजे कातडीवरचे साधे जंतू. सगळ्यांच्या अंगावर असतात. पाप नाही आणि प्लेगही नाही."

"मग पांढऱ्या ताटलीत का नाही आले?"

"ते अजून कळलं नाही."

"बघ! कळत नाही म्हणतोस आणि वर बाबांना नावं ठेवतोस." तिनं सुईत दोरा ओवला. "तू ताटल्या धुणारा. ते तीन प्लेग बघितलेले."

"मी ताटल्या रांधतो. धुणारा वेगळा आहे."

"तेच ते."

बावीस वर्षांच्या नोकरीची इतकी झटपट किंमत कोणी केली नव्हती. पण तिचा चेहरा बघून राग टिकेना. रोज सकाळी त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, जेवण नकोसं व्हायचं. कोणीतरी तिला "तू बरी झालीस" म्हणालं होतं आणि तेवढंच ऐकायला ती चार महिने आसुसली होती.

"एक कर," मी म्हणालो. "रविवारपर्यंत गोळ्या चुकवू नकोस. रविवारी तुझी खात्री तशीच असेल, तर तुझं पाकीट मीच पिंपात टाकतो."

"शब्द?"

"शब्द."

शब्द तर देऊन बसलो. आता आली पंचाईत.

मंगळवारी सकाळी आमच्या विभागप्रमुख डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांचं वर्षातलं सगळ्यात लाडकं व्याख्यान प्लेगचं. दरवर्षी मी दाराआडून ऐकतो. हवा नासली म्हणून प्लेग येतो असं समजून चोचीसारखे मुखवटे घालणारे आणि चोचीत सुगंधी पाला कोंबणारे वैद्य त्या असे रंगवतात की पोरं बाकं बडवतात. मग एकदम गंभीर होऊन सांगतात की माणसं हवेला दोष देत होती, ग्रहांना देत होती, शेजाऱ्यांना देऊन त्यांची घरं जाळत होती, आणि खरा आरोपी उंदराच्या अंगावरच्या पिसवेच्या पोटात मजेत बसला होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडायला अठराशे चौऱ्याण्णव साल उजाडावं लागलं.

माझी कहाणी ऐकून बाईंचे डोळे चमकले.

"आचारीबुवा, ताटली कोरी राहण्याची कारणं किती?"

"दोन. एक तर पेरलंच नाही, नाहीतर पेरलेलं उगवू दिलं नाही."

"यातलं कोणतं, ते कसं ओळखाल?"

"जे कुठेही उगवेलच, असं काहीतरी पेरून बघायचं."

"मग पेरा की! मावशींशी वाद घालू नका. वादात कोणी बरं झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही."

कुठेही उगवेल असं काय, याचा फार विचार करावा लागला नाही. संध्याकाळी चित्रपटगृहात गेलो, तर पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर सफाईवाल्या ताई बादलीत पोछा पिळत होत्या.

"ताई, जरा पोछा देता?"

"कशाला?"

"अंगठ्याऐवजी ताटलीवर टेकवायचाय."

ताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्या अशा हसल्या की भिंतीला टेकावं लागलं. "द्या इकडे. मीच टेकवते. तुम्हाला नीट जमायचं नाही."

पडद्याआड आम्ही दोघांनी पोछ्याच्या एका दोऱ्याचं टोक जेलीला हळूच लावलं. झाकणावर मी माझं नाव लिहिलं. आणि ताटली उलटी करून, तळाला कडेकडेनं, बारीक अक्षरात खरी नोंद केली. आमच्या धंद्यात झाकणावर कधीच नाव लिहीत नाहीत. झाकणं बदलतात, तळ बदलत नाही. नवा माणूस आला की ही गोष्ट मी त्याच्या डोक्यात पहिल्या दिवशी हातोड्यानं ठोकतो. बाबांच्या शिष्यांना ती कोणी ठोकली नव्हती, त्यामुळे ताटली उलटून बघण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी माझी ताटली उघडली. बाबांनी आत पाहिलं आणि त्यांचा अभिनय क्षणभर गळून पडला. असलं जंगल त्यांनीही बघितलं नसावं. हिरवट, करडं, पिवळं, मध्ये एक बुरशीचा मिशाळ झुपका. पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले.

"अरेरे!" बाबा सावरले. "हा माणूस! या माणसानं आपल्या जन्मदात्याला छळलंय. मित्राचा विश्वासघात केलाय. हा हिरवा डाग बघा, हा मत्सर! आणि हा केसाळ डाग..." ते थांबले.

"काय आहे तो?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही."

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. आमच्या गल्लीतला न्हावी, ज्याच्याकडे मी पंधरा वर्षं डोकं सोपवतो, खुर्ची सरकवून दूर बसला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कधी बोलला नाहीस रे," ती पुटपुटली. मला एकीकडे हसू आवरेना आणि दुसरीकडे तिच्यासाठी जीव तुटत होता.

मी अमृतजलानं हात धुतले. हातांना दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला. मग पांढरी ताटली घेऊन पडद्याआड गेलो. ताई पोछा घेऊन तयारच होत्या. पोछ्याला मात्र कुणी अमृतजल दाखवलं नाही. दोरा टेकवला. झाकणावर माझं नाव, तळाला खरी नोंद. जेलीला गुलाबाच्या अत्तराचा वास होता आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी. रोजच्या ओळखीचा, पण नाव काही केल्या ओठावर येईना.

रविवारी पिंप आलं. निळं, कमरेएवढं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. लोकांच्या हातात पिशव्या होत्या: मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, एका म्हाताऱ्याच्या हातात दम्याचा फवारा. डॉक्टरबाई मागच्या रांगेत साध्या कपड्यांत बसल्या होत्या. मावशीनं गोळ्यांचं पाकीट पदरात घट्ट धरलं होतं.

"आज," बाबा म्हणाले, "आधी सर्वांत मोठ्या पाप्याची ताटली!"

झाकण उचललं. पांढरीशुभ्र जेली. एक ठिपका नाही.

छप्पर उडालं म्हणा ना. न्हाव्यानं मला मिठी मारली. लोकांनी मला उचलून व्यासपीठावर नेलं. एक चप्पल वाटेतच राहिली. "बघा!" बाबा थरथरत्या आवाजात म्हणाले. "इतका काळाकुट्ट आत्मा मी तीन प्लेगांत पाहिला नव्हता. आज याच्याइतका शुद्ध जीव या सभागृहात दुसरा नाही. पहिलं औषध पिंपात पडेल ते याच्या हातून!"

मावशी पुढे आली. तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. "शब्द दिला होतास," ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं असा उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना. पाकीट पिंपावर धरून मी उभा राहिलो.

"टाकतो," मी म्हणालो. "त्याआधी एकच विनंती. माझी ताटली मावशीनं उलटी करावी आणि तळाला काय लिहिलंय ते वाचावं."

"तळाला काही नसतं," बाबा म्हणाले.

"मग वाचायला कितीसा वेळ लागणार?"

गर्दीला एव्हाना चेव चढला होता. "वाचा! वाचा!" सुरू झालं. मावशीनं चष्मा नाकावर चढवला, ताटली उलटी केली आणि शिलाईच्या पावत्या वाचायच्या सवयीनं खणखणीत आवाजात वाचलं:

"पोछा. पुरुषांचं स्वच्छतागृह. गुरुवार, संध्याकाळी सहा."

मावशीनं पुन्हा एकदा मनात वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तुझा अंगठा नव्हे?"

"नव्हे. मंगळवारचाही नव्हे. जन्मदात्याला छळलं, मित्राला फसवलं, ते सगळं पोछ्यानं."

"आणि तो केसाळ डाग?" न्हाव्यानं विचारलं.

"तोही पोछ्याचाच."

एक बाई खुदकन हसली. मग वरच्या मजल्यावर कोणीतरी हसलं आणि बघता बघता हसण्याचा लोंढाच आला. म्हातारा दम्याचा फवारा तोंडात मारून मारून हसत होता.

"कपट!" बाबा ओरडले. "माझ्या ताटलीची शक्ती एवढी की पोछासुद्धा शुद्ध झाला!"

इथे डॉक्टरबाई उठल्या. "मान्य," त्या म्हणाल्या. "मग हीच शक्ती दाखवा. मंगळवारसारख्या कोऱ्या मधाळ जेलीवर आत्ता तुमचा अंगठा टेकवा. ताटली दोन दिवस लोकांसमोर राहील."

बाबांनी दोन्ही अंगठे मुठीत लपवले. लहान मुलं चॉकलेट लपवतात, अगदी तसे.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "उगवेलच. माझ्या अंगठ्यावरही उगवेल, तान्ह्या बाळाच्याही उगवेल. तो प्लेग नव्हे. प्लेगचा जंतू असा अंगठ्यावर मुक्कामाला नसतो. तो उंदराच्या पिसवांबरोबर हिंडतो. आज त्याच्यावर औषधही आहे, वेळेत घेतलं तर. प्रश्न पांढऱ्या जेलीचा आहे. तिच्यात जंतू मारणारं काहीतरी मिसळलंय. काय, ते मला तपासावं लागेल."

"तपासायला कशाला हवं!" दारातून आवाज आला. कमरेवर हात ठेवून ताई उभ्या होत्या. "पांढरं आणि वासाचं! महिनाभर माझं फिनेल गायब होतंय. दर दिवसाआड एक बाटली! मालक मला विचारतात, फिनेल पितेस की काय? परवा या शिष्याला बाटली घेऊन वर जाताना बघितलं, तर म्हणतो, बाबांच्या पायाशी शिंपडायचंय!"

फिनेल! पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होणारं. आमच्या विभागाच्या फरशीवर रोज सकाळी तोच वास येतो आणि मला नाव आठवलं नाही. आचारी म्हणवून घेणाऱ्या माझ्या नाकाला त्या दिवशी मी मनातल्या मनात राजीनामा मागितला.

हशाच्या गदारोळात मावशी मात्र हसत नव्हती. ती ताटली हातात धरून तशीच उभी होती.

"डॉक्टरबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझा आजार गेलेला नाही?"

बाई व्यासपीठावर आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"जातोय. चार महिन्यांत बराचसा गेलाय. पण या ताटलीला ते सांगता येत नाही. क्षयाचा जंतू फुप्फुसात असतो, अंगठ्यावर नव्हे. तो भलता आळशी. त्याला उगवायला कित्येक आठवडे लागतात आणि त्याचं जेवणही वेगळं असतं. या साध्या जेलीवर तो दोन दिवसांत कधीच दिसला नसता, फिनेल असो वा नसो. आत्ता गोळ्या सोडल्या, तर जे उरलेत ते सगळ्यांत चिवट. ते वाढतील, आणि मग याच गोळ्यांना दाद देणार नाहीत."

"आणि ते लाल?"

"गोळीचाच रंग आहे हो. रक्त नाही. आम्ही तर लाल दिसलं की खूश होतो. पेशंट गोळ्या खरंच घेतोय म्हणायचं."

मावशीनं डोळे पुसले. "मला इतकं बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, सुटले."

पाकीट मी तिच्यापुढे धरलं. "शब्द दिलाय. तुझी खात्री असेल तर अजूनही टाकतो. तू सांगशील तसं."

ती पिंपाकडे बघत राहिली. मग तिनं पाकीट माझ्या हातातून हिसकावलं आणि म्हणाली, "पाणी आणा. पिंपातलं नको, प्यायचं."

ताईंनी आपली बाटली दिली. मावशीनं त्या दिवसाच्या गोळ्या मोजून तळहातावर घेतल्या. आज त्या घ्यायच्या नाहीत म्हणून सकाळी तिनं घेतल्याच नव्हत्या. सातशे माणसांसमोर, तोंड वाकडं करत, तिनं एकेक गोळी गिळली. उपचाराच्या सुरुवातीला दवाखान्यात गोळी गिळल्यावर नर्सला जीभ दाखवावी लागायची, गोळी गालात दडवली नाही हे पटवायला. मावशी सवयीनं वळली. समोर नर्स नव्हती, ताटलीबाबा होते. तिनं त्यांनाच जीभ दाखवली. लांब, भरघोस, अगदी मुळापर्यंत.

न्हाव्यानं पहिली टाळी वाजवली. लोकांनी पिशव्या उघडून आपापल्या गोळ्या परत खिशात घातल्या. बाबा पडद्यामागच्या दारातून सटकले, पण त्या दारात ताई होत्या आणि त्यांच्याकडे फिनेलच्या पंधरा बाटल्यांचा हिशेब होता.

मावशीचे पुढचे दोन महिने मळमळ, कुरकुर आणि माझ्या नावानं बोटं मोडण्यात गेले. सहा महिने पूर्ण झाले. थुंकीची तपासणी झाली, आणि ती ज्या जेवणावर क्षयाचा जंतू खरोखर उगवतो त्या जेवणावर झाली. ते मी स्वतः रांधून बाटल्यांत भरलं होतं, जरा जास्तच मन लावून. आठ आठवडे मी रोज त्या बाटल्यांत डोकावलो. काही उगवलं नाही. या वेळी मी रडलो.

चमत्कार दाखवणाऱ्यांवर तुम्ही रागवा असं माझं म्हणणं नाही. रागानं कोणाचे डोळे उघडत नाहीत. कोणी तुमच्यासमोर कोरी ताटली धरली, कोणी म्हणालं की बघा, रोग दिसतो का, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यात रोग असता, तर तो दिसला असता का? सांगणारा खरा असेल तर उत्तर देईल, करून दाखवेल, तपासायला तुमच्या हातात देईल. तो रागावला, तर तुमची औषधं तुमच्याच खिशात ठेवा आणि वेळच्या वेळी घ्या.